ओव्हाळांच्या फळ्यावरची चौथी ओळ

पुणेकराला जगातली प्रत्येक गोष्ट येते. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द तेवढे येत नाहीत. पत्ता विचारून बघा. ज्या गल्लीचे नाव त्याने जन्मात ऐकलेले नाही त्या गल्लीत तो तुम्हाला दोन डावी आणि एक उजवे वळण देऊन पोचवतो, आणि वर ‘एवढं तर पाटीवर लिहिलंय’ असेही ऐकवतो. पोचल्यावर तिथे गल्ली नसते. हा अर्थातच गल्लीचा दोष.

अशा या सर्वज्ञ शहरात, बिबवेवाडीतल्या आमच्या चौकात, रामदास ओव्हाळ नावाचे गृहस्थ रोज संध्याकाळी काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने ‘हे मला कळलेले नाही’ असे लिहितात आणि खाली सही ठोकतात. सहा वर्षे हे चालू आहे. त्यांना कोणी अजून डॉक्टरांकडे नेले नाही, यावरून आमच्या आळीचा चांगुलपणा लक्षात यावा.

ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. वडीलही तिथेच कामगार. बालपण तिथल्याच क्वार्टरमध्ये गेले. स्वतः ओव्हाळ तपासणी खात्यात होते. त्या खात्याचे काही नियम त्यांच्या हाडांत मुरले आहेत. माल खोक्यात भरला की खोक्यावर चिठ्ठी; चिठ्ठीवर कोणी तपासले, केव्हा तपासले, आणि सही. प्रत्येक घाण्यातला, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या मालातला, नमुना वेगळा तपासायचा. एका घाण्याचा निकाल दुसऱ्याला लावायचा नाही. आणि नोंदवहीत खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर त्यावर एक रेघ मारायची, अशी की खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी पुन्हा सही. पस्तीस वर्षे असे वागलेला माणूस निवृत्त झाला की एकतर बायकोचा स्वयंपाक तपासतो नाहीतर समाजाचा. बायको आधीच गेली होती. समाज सापडला.

निवृत्तीच्याच वर्षी टाळेबंदी आली आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये एकेक वैद्य शिरला. खोलीच्या चार कोपऱ्यांत चिरलेला कांदा ठेवा. आज आकाशातून औषध फवारणार आहेत, वाळत घातलेले कपडे आत घ्या. कपडे आत घेण्यासाठी आमच्या इमारतीत जी पळापळ झाली ती पाहून ओव्हाळ खाली उतरले आणि मित्र मंडळाच्या फळ्यासमोर उभे राहिले. त्या फळ्यावर तोवर वाढदिवस, दुःखद निधन आणि सुविचार एवढेच असे. सुविचाराखाली नाव कधीच नसे. सांगणाऱ्यालाच लाज वाटली असावी. ओव्हाळांनी निम्मा फळा पुसला आणि चार ओळी लिहिल्या. पहिली: निरोप काय आला. दुसरी: मी कोणाला विचारले, किती वाजता. तिसरी: मी स्वतः काय पाहिले. चौथी: मला काय कळले नाही.

पहिल्या तिन्ही ओळी लोकांना आवडल्या. चौथी कोणालाच आवडली नाही. मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब तर दुखावलेच. रावसाहेबांचे म्हणणे असे, की फळा हे मंडळाचे तोंड आहे आणि मंडळाच्या तोंडून ‘कळले नाही’ निघणे बरे दिसत नाही. वर्गणी मागायला जायचे असते.

एकदा निरोप आला, की स्वारगेटहून सुटणाऱ्या साऱ्या एसट्या उद्यापासून बंद. ओव्हाळ दुसऱ्या दिवशी सकाळीच बसने स्वारगेटला गेले, चार तास उभे राहिले आणि संध्याकाळी फळ्यावर लिहिले, ‘मी उभा असेपर्यंत सत्तावन्न गाड्या सुटल्या. उद्या सुटतील का, कळले नाही.’

‘अहो ओव्हाळसाहेब,’ रावसाहेब म्हणाले, ‘सरळ “निरोप खोटा” म्हणून मोकळे व्हा की! तुमच्या या शंकेनं माझ्या मेव्हण्यानं साताऱ्याचं तिकीट रद्द केलं.’

‘आज खोटाच आहे,’ ओव्हाळ म्हणाले. ‘उद्याचं मी पाहिलेलं नाही.’

आता, मोकळे होणारे लोक जगात असतातच. आमच्या भागात त्यांचे नाव रणजित. हा पूर्वी फ्लेक्स छापायचा; मग जागांची दलाली केली; दोन्हीकडे सत्याचा पुरेसा सराव झाल्यावर त्याने ‘निवाडा लाइव्ह’ काढले. दुनियेतल्या बातम्यांची पडताळणी करून देणारे, मोबाइलवरचे न्यायालय. पद्धत सोपी. बातमी दाखवायची, ढणढण संगीत वाजवायचे आणि पडद्यावर लाल शिक्का आपटायचा: खरे, नाहीतर खोटे. कशावरून, हे विचारायचे नाही. ‘आमच्या पथकाच्या सखोल तपासात निष्पन्न झाले.’ पथक म्हणजे रणजित आणि त्याची मोटारसायकल. सखोल म्हणजे मोटारसायकल स्टँडला लावून. दीड लाख लोक ते बघतात. ओव्हाळांचा फळा, कुत्री धरून, दिवसाला दोनशेजण बघत असतील.

गेल्या एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी निरोप आला: ‘सुंदराबाईंच्या डब्यातून विषबाधा! अकरा विद्यार्थी रुग्णालयात, एक गंभीर. सावध व्हा, पुढे पाठवा.’

सुंदराबाईंचे सासर मूळचे इथलेच. बिबवेवाडी जेव्हा खरोखर वाडी होती तेव्हाचे त्यांचे शेत. ज्या वावरात तिने लग्न होऊन आल्यावर कांदा खुरपला त्याच वावरात आज सात-सात मजले उभे आहेत, आणि त्या सात मजल्यांना ती कांद्याची भाजी पोचवते. जमीन दिरांनी विकली, तिला खाली दोन खोल्या मिळाल्या. त्या दोन खोल्यांत ती आणि तिची सून मैना रोज एकशे दहा डबे भरतात. पातेली दोन. पहिले म्हाताऱ्यांचे: तिखट बेताचे, डाळ मऊ. दुसरे पोरांचे: परीक्षांच्या अभ्यासाला आलेल्या मुलामुलींसाठी, लाल तर्रीचे. अभ्यासाने जीभ बधिर होते, असे सुंदराबाईंचे वैद्यक आहे.

दुपारपर्यंत ‘निवाडा’चा शिक्का पडला: खरे. पडद्यावर कुठल्यातरी रुग्णालयाची खाट दाखवली. तिच्यावर झोपलेला माणूस पन्नाशीचा होता, पण विद्यार्थीदशा कधीच संपत नाही असे थोर लोक म्हणतातच. संध्याकाळपर्यंत साठ डबे बंद. ज्या बाईच्या हातचे खाऊन अर्धी आळी ढेकर देत होती ती अर्धी आळी आता तिच्या दारावरून नाकाला रुमाल लावून जाऊ लागली. विषबाधा वासाने होते, हे विज्ञान त्यांना रणजितकडूनच मिळाले असणार.

‘असंच महिनाभर चाललं तर चुली इझवायच्या,’ सुंदराबाई फळ्यासमोर येऊन ओव्हाळांना म्हणाली. ‘भाऊ, तुम्ही काय ते बघा आन् लिवा.’

ओव्हाळांनी बघितले. आसपासच्या तीन रुग्णालयांत स्वतः गेले, असे कोणी दाखल नाही याची खात्री केली, आणि फळ्यावर एरवी कधी लिहीत नसत तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘निरोप खोटा.’ तिसऱ्या ओळीत: ‘बुधवारचा डबा मी तपासला. दोष आढळला नाही.’ चौथी ओळ त्या दिवशी रिकामी होती.

सहा वर्षांत पहिल्यांदा! आणि एकाही शहाण्याच्या ते लक्षात आले नाही. उलट रावसाहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, ‘आज कसं मर्दासारखं लिहिलंत!’ लोकांनी फळ्याचे फोटो काढून पुढे पाठवले. शनिवारपर्यंत चाळीस डबे परत चालू झाले. ओव्हाळांची कॉलर, असती तर, ताठ झाली असती. ते बिनकॉलरचा सदरा घालतात.

रविवारी सकाळी एक मुलगी फळ्यासमोर उभी राहिली. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, डोळ्यांखाली काळे. हिचे नाव तनुजा. लातूरकडची, राज्यसेवेची तिसरी खेप.

‘काका, हे तुम्ही लिहिलंय?’

‘सही आहे खाली.’

‘मग मी खोटी का?’

ओव्हाळ फळा सोडून तिच्याकडे वळले.

‘मी आणि माझ्या दोन रूममेट बुधवारी रात्री आजारी पडलो,’ तनुजा म्हणाली. ‘उलट्या, जुलाब, सगळं. डॉक्टरकडे गेलो, सलाइन लावलं, चार तासांत घरी. दाखल कोणी नव्हतं. अकरा नव्हतो, गंभीर तर कोणीच नव्हतं. पण तिघी होतो ना! इथं तर लिहिलंय काही झालंच नाही.’

‘मी डबा तपासला होता,’ ओव्हाळ म्हणाले.

‘कसा?’

पस्तीस वर्षे जो प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारला तो त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होते. ओव्हाळ इकडेतिकडे बघत म्हणाले, ‘जेवलो.’

‘म्हणजे तुम्ही तिथंच जेवता?’

‘अकरा वर्षं.’

‘आणि तुमचा डबा कुठल्या पातेल्यातला?’

ओव्हाळांनी फळ्याकडे बघितले. पहिल्या. म्हाताऱ्यांच्या. एका घाण्याचा निकाल दुसऱ्याला लावायचा नाही, हे ज्याने शिकाऊ पोरांना कान धरून शिकवले, त्याने मऊ डाळ खाऊन लाल तर्रीला प्रमाणपत्र दिले होते. आणि आपण त्याच घरचे अन्न खातो हे फळ्यावर लिहिलेही नव्हते. ‘तपासला’ म्हणजे ‘जेवला’, हे ‘पथकाच्या सखोल तपासा’चेच चुलत भावंड झाले.

‘आयोगसुद्धा पहिली उत्तरतालिका लावून हरकती मागवतो काका,’ तनुजा म्हणाली. ‘तुमच्या फळ्यावर हरकतीची जागा कुठाय?’

‘नाही,’ ओव्हाळ म्हणाले. मग खिशातून वही काढून म्हणाले, ‘सांग. बुधवारी काय काय खाल्लंस?’

‘दुपारचा डबा. मटकीची उसळ. पण आम्ही अभ्यासिकेत होतो, तो सहा वाजता खाल्ला.’

‘सहा? या उन्हात?’

‘पत्र्याची खोली आहे.’

‘आणखी?’

‘आणखी काही नाही.’ मग बाटलीचे झाकण फिरवत, ‘पाणीपुरी.’

‘कधी?’

‘सातला.’

‘किती?’

‘काका, ते पण फळ्यावर येणार?’

‘तू सांगितलंस तर येणार.’

‘दोन प्लेट,’ तनुजा म्हणाली. ‘लिहा. पण आई बघणार नाही ना?’

ओव्हाळ तिच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, उसळीनेही होते, पाणीपुरीनेही होते, पाण्यानेही होते. खात्रीने सांगता येणार नाही. पुण्यातल्या एका डॉक्टरने हे वाक्य उच्चारले, याची नोंद व्हावी.

आता दुसरा कोणी असता तर संध्याकाळी गुपचूप फळा पुसून मोकळा झाला असता. ओव्हाळ आधी सुंदराबाईंच्या दारात गेले. मैना कणीक मळत होती. सुंदराबाई लसूण सोलत होती.

‘सुंदराबाई, मी चुकीचं लिहिलं. तीन मुली आजारी पडल्या होत्या. दुरुस्ती लिहावी लागणार.’

सुंदराबाईंनी लसणाची पाकळी तशीच हातात धरली. ‘माझ्या डब्यानं?’

‘ते कळलेलं नाही.’

‘कळल्यालं न्हाई, तर लिवता कशापाई? कळलं की लिवा!’

‘आजारी पडल्या ते कळलंय.’

‘भाऊ, कालच चाळीस गिऱ्हाईक परत आलं. तुमच्या अक्षराला मान देऊन आलं. आता तुम्हीच उद्या लिवणार, की पोरी हागल्या?’

मैनेने कणकेतून हात काढून पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की रडण्यासाठी, ते तिलाच ठाऊक.

‘तसं नाही लिहिणार,’ ओव्हाळ म्हणाले.

‘कसंबी लिवलं तरी लोक त्येच वाचत्यात! त्या रणज्यानं अकरा म्हनलं, त्याला कुनी इचारलं न्हाई. तुम्ही तीन म्हना, लोक म्हनतील बघा, फळासुदिक म्हनतोय. अकरा वर्सं माझ्या हातचं खाताय. मिठाला तरी जागा!’

‘त्याचंच सांगायला आलो होतो,’ ओव्हाळ म्हणाले. ‘उद्यापासून माझा डबा बंद करा. तुमच्याबद्दल लिहितोय तोवर तुमच्याकडचं खाणं बरोबर नाही.’

हे मात्र फार झाले. दुरुस्ती लिहिणे हा एक अपमान. डबा बंद करणे हा खानदानी अपमान. सुंदराबाईंनी लसणाची सूपभर टरफले त्यांच्या पायांच्या दिशेने उडवली आणि त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. तो दोन पावलांवरच होता.

रावसाहेबांना वास लागलाच. ते फळ्यापाशी दबा धरून बसले होते. ‘अहो, पुसून टाका! फळाच आहे, शिलालेख नाही. त्यावर मी एक छान सुविचार देतो. आजच आलाय, गुलाबाच्या फोटोसकट.’

‘पुसलं तर आधी काय लिहिलं होतं ते कसं कळणार?’

‘तेच तर! कळायला नकोच आहे. तुमची अब्रू वाचते, बाईचे डबे वाचतात, मंडळाचं तोंड वाचतं. एका ओल्या फडक्यात तीन घरं सुखी.’

ओव्हाळांनी ओले फडके घेतले आणि शेजारचा ‘दुःखद निधन’चा जुना मजकूर पुसून जागा केली. म्हणाले, ‘रावसाहेब, माझ्या वडिलांनी छपन्न साली दीक्षा घेतली तेव्हा गावच्या पाटलानं त्यांना सांगितलं, की पूर्वापार चालत आलंय ते काय खोटं असतं का? वडील आम्हाला सांगायचे, मोठ्यानं सांगितलं म्हणून मानत राहिलो असतो तर अजून गावकुसाबाहेरच बसलो असतो. आता मी मोठा झालो, फळा माझा झाला, म्हणून लोकांनी माझं तरी का मानावं?’

रावसाहेबांना दीक्षेच्या विषयात काही बोलता येईना, म्हणून ते ‘फळा मंडळाचा आहे’ एवढेच पुटपुटले आणि गेले.

‘निरोप खोटा’ या मोठ्या अक्षरांवर एक रेघ मारली गेली. खाली लिहिले: ‘माझी चूक. तीन मुली बुधवारी आजारी पडल्या. चार तासांत घरी आल्या. अकरा नव्हत्या, गंभीर कोणी नव्हते. दुपारचा डबा त्यांनी सहाला खाल्ला. नंतर पाणीपुरीही खाल्ली. मी दुसऱ्या पातेल्यातले तपासले नव्हते. मी स्वतः अकरा वर्षे याच डब्यावर जेवत आलो. हे आधी लिहायला हवे होते. आजार डब्याने झाला की कशाने, डॉक्टरांना आणि मला कळलेले नाही. हरकत असल्यास खाली लिहावी.’ आणि खाली, रिकामी जागा.

आता आमच्या आळीची बुद्धी बघा. दोन महिने मागे ‘निवाडा’ने एका जिवंत नगरसेवकाला श्रद्धांजली वाहिली होती, तिसऱ्या दिवशी तो नगरसेवक स्वतः त्यांच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून गेला, कोणी हूं की चूं केले नाही. आणि ओव्हाळांनी स्वतःच्या हाताने स्वतःची एक चूक लिहिल्याबरोबर सर्वांना न्यायाची उबळ आली. ‘आज चुकले म्हणजे रोज चुकत असणार.’ ‘अकरा वर्षं जेवतो म्हणजे फुकट जेवत असणार.’ ‘तरी मला वाटलंच होतं.’ हे शेवटचे वाक्य बोलणाऱ्याला आयुष्यात कधीही काहीही वाटलेले नाही, हे मी शपथेवर सांगतो. जो चूक लपवतो तो भरवशाचा, जो सांगतो तो संशयित! या हिशेबाने आमच्या आळीत सर्वांत विश्वासू माणूस पाकीटमार ठरावा.

हरकतीच्या जागेत पहिली हरकत आली ती फळ्यासमोर गाड्या लावू नयेत याबद्दलची.

रणजितने तर दिवाळी केली. ‘फळ्याची फजिती!’ असा खास भाग. ‘निवाडाने आधीच सांगितले होते!’ असे सांगताना त्याच्या पडद्यावर आता ‘तीन विद्यार्थिनी’ असे आले. गुरुवारचे ‘अकरा, एक गंभीर’ कुठे गेले? गेले. रेघ नाही, सही नाही, फडकेही ओले करावे लागले नाही. तनुजाने जुन्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवला होता. तो तिने त्या भागाखाली प्रतिक्रियांत टाकला आणि विचारले, ‘बाकीचे आठ जण बरे झाले का?’ पाच मिनिटांत तिलाच तिथून हाकलले. दीड लाखांतला एक कमी झाला; रणजित काटकसर करून भागवणार.

चौकात लोकांनी ओव्हाळांना भरीला घातले, ‘लिहा की, दिवाळीला बाईनं जाहिरात दिली नाही म्हणून त्यानं डूख धरला.’

‘धरला का?’

‘सगळ्यांना माहीताय!’

‘तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘सगळ्यांनी.’

ओव्हाळांनी लिहिले नाही. मला स्वतःला ते फार आवडले असते. पण त्यांना माहीत नव्हते, म्हणून नाही.

इकडे सुंदराबाईंचे डबे पुन्हा घसरले. परतलेल्या चाळीसांतले तीस गेले. आठवडाभराने ती फळ्यासमोर आली. एका हातात डब्यांची पिशवी, दुसऱ्यात मैनेचा हात.

‘हरकत घ्यायचीय मला,’ ती म्हणाली.

‘घ्या,’ ओव्हाळ म्हणाले आणि खडू पुढे केला.

‘मला लिवता येत न्हाई, तुम्हाला ठावं हाय. तुम्ही लिवा. माझं सैपाकघर सोच्छ हाय. दुसरं पातेलं साडेधाला उतरतं, साडेअकराला डबा भाईर पडतो. दुपारचं अन्न दुपारीच खायचं असतंय, ह्ये लातूरला शिकवीत न्हाईत का?’

‘तुमचं म्हणणं म्हणून लिहितो. पण मी पाहिलेलं नाही.’

‘मग या बघायला! दार काय लावलंय का? त्या पोरीलाबी आना.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून ओव्हाळ आणि तनुजा सुंदराबाईंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. ओव्हाळ घड्याळ आणि वही घेऊन, तनुजा राज्यघटनेचे पुस्तक घेऊन. मैनेने दोनदा चहा विचारला. ओव्हाळ नको म्हणाले. तनुजा दोन्ही वेळा घेते म्हणाली. साडेअकराला शेवटचा डबा बाहेर पडला. संध्याकाळी फळ्यावर आले: ‘सात ते साडेअकरा उंबऱ्यावर होतो. हात धुणे, भाजी धुणे, पाणी उकळणे, तीनही पाहिले. दुसरे पातेले दहा अठ्ठावीसला उतरले. मटकी भिजवलेल्या पातेल्यावर झाकण नव्हते, माश्या दोन. तनुजा हिने दोन कप चहा घेतला. इतर दिवशी काय होते, कळलेले नाही.’

सुंदराबाईंनी हे चौकातल्या एका शाळकरी मुलीकडून वाचून घेतले आणि तिथूनच ओरडली, ‘झाकण मैनेनं घासायला घेतल्यालं!’

ओव्हाळांनी शांतपणे जोडले: ‘झाकण घासायला घेतले होते असे सुंदराबाई सांगतात.’

‘आन् माश्या कशापाई मोजल्या?’

‘दोनच होत्या. मोजल्या नसत्या तर लोकांनी दोनशे धरल्या असत्या.’

हे त्या बाईला पटले नाही. पटणे हे तिच्याबाबतीत सहसा होतच नाही.

यानंतर जे झाले त्याचे श्रेय मी आमच्या आळीच्या बुद्धीला देणार नाही. तो अवयव तिच्यापाशी नाही. संशयाला श्रेय देतो. कोपऱ्यावरचे वाणी फळा वाचून म्हणाले, ‘झाकण नव्हतं असं लिहिलंय, म्हणजे बाकीचं खरं असणार. पढवून लिहिलं असतं तर माश्या कशाला आल्या असत्या?’ पुणेकराला स्तुतीचा भरवसा वाटत नाही. दोन माश्या दिसल्या की त्याचा जीव थंड होतो. वाण्याने आपल्या म्हाताऱ्या वडिलांचा डबा चालू केला. तनुजा आणि तिच्या दोघी मैत्रिणींनी चालू केला, या अटीवर की अभ्यासिकेत पोचवायचा आणि समोर खाईपर्यंत मैनेने हलायचे नाही. मैना त्या निमित्ताने दुपारी अर्धा तास पंख्याखाली बसू लागली. डबे नव्वदच्या आसपास येऊन थांबले. वीस गेले ते गेले. ते अजून ‘निवाडा’ बघतात आणि बाहेरून मागवलेली बिर्याणी खातात, ती कुठल्या स्वयंपाकघरातून येते हे त्यांना माहीत नाही. विचारा, सांगतील मात्र.

रणजितचे दीड लाखाचे पावणेदोन लाख झाले. मी कोणाला खोटी आशा लावत नाही.

परवा संध्याकाळी ओव्हाळ फळ्यावर उद्याच्या पाणीबंदीचे लिहीत होते. सुंदराबाई रिकामे डबे गोळा करून येत होती. ती थांबली.

‘झाकण आनलंय नवं,’ ती फळ्याकडे बघत म्हणाली. ‘जाळीचं. लिवा तसं.’

‘उद्या येऊन बघतो, मग लिहितो.’

‘माझ्या शब्दावर इस्वास न्हाई?’

‘आहे की. म्हणून तर सकाळी सातला येईन म्हणतोय, सहाला नाही.’

‘या. पाय धुऊन या,’ सुंदराबाई म्हणाली. मग जरा आवाज उतरवून, ‘आन् जेवताय काय सद्या?’

‘खिचडी करतो.’

‘कोन, तुम्ही?’

‘मीच.’

‘बुडाला लागती का?’

ओव्हाळांनी खडू खाली ठेवला. खोटे बोलण्याची सवय नाही, आणि समोर तर बाई अशी, की वासावरून ओळखेल. ‘लागते,’ ते म्हणाले. ‘रोज.’

‘बरं झालं,’ सुंदराबाई म्हणाली, आणि डब्यांची पिशवी उचलून चालू लागली.